आवाजाचे भाडे कोण भरते?

हायवेलगतची खोली विकायची असली की दलाल गिऱ्हाइकाला रविवारी दुपारी बोलावतो. त्या वेळी ट्रक कमी असतात, कामावर जाणाऱ्यांच्या मोटारसायकली नसतात, शाळेच्या बस नसतात. गिऱ्हाईक पाणी किती वेळ येते ते विचारते, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे ते विचारते, पावसाळ्यात घरात पाणी शिरते का तेही विचारते. आवाजाचे विचारावे हे काही त्याच्या डोक्यात येत नाही. सोमवारी रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मग कळते, आपण खोलीबरोबर आणखी काय विकत घेतले ते.

दलालाला पक्के ठाऊक असते की आवाजाने घराचा भाव उतरतो. म्हणून तर तो वेळ निवडतो. दलालाला जे कळते ते रस्ते बांधणाऱ्यांच्या हिशेबात मात्र कुठे लिहिलेले नसते. आरोग्याच्या पानावर घरांच्या भावाची चर्चा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आम्ही काही जणी वस्तीत घरोघर बीपी मोजायला जातो. तिथे जे दिसते त्यावरून आमचे मत झाले आहे की आवाजामुळे स्वस्त झालेले घर खरे तर स्वस्त नसतेच. वाचलेले पैसे त्या घरातली माणसे दुसऱ्या वाटेने फेडत असतात. गोळ्यांत, बुडालेल्या खाड्यांत, मुलांच्या मार्कांत.

आधी भावाचेच बोलू. युरोप-अमेरिकेत गेली पन्नास वर्षे अर्थशास्त्रज्ञ हे मोजत आले आहेत. पद्धत साधी आहे. एकाच भागातली, सारख्याच आकाराची, सारख्याच सोयींची घरे घ्यायची. काही रस्त्यालगतची, काही आतली. ती किती रुपयांना विकली गेली त्याच्या नोंदी तपासायच्या आणि आवाज सोडून बाकी सगळे फरक वजा करायचे. उरतो तो आवाजाचा भाव. अशा अनेक अभ्यासांचा सूर साधारण असा, की एका मर्यादेनंतर रस्त्याचा आवाज एक डेसिबलने वाढला की घराची किंमत सुमारे अर्धा टक्का उतरते, कुठे थोडी कमी, कुठे थोडी जास्त.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण हिशेब करून बघा. समजा, वीस लाखांची खोली आहे. आतल्या गल्लीपेक्षा हायवेच्या तोंडावर आवाज पंधरा डेसिबलने जास्त आहे, आणि एवढा फरक सहज असतो. साडेसात टक्के झाले. म्हणजे दीड लाख रुपये. घरकाम करणाऱ्या बाईची ती दीड-दोन वर्षांची कमाई आहे.

डेसिबल हा शब्द फटाक्यांच्या बातम्यांत दरवर्षी येतो, पण तो कसा मोजतात ते कोणी सांगत नाही. ही किलो-लिटरसारखी सरळ मोजणी नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची शक्ती दहापट झाली, आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. म्हणून ५५ आणि ७५ या आकड्यांत वीसचा किरकोळ फरक नाही. शक्तीने तो शंभरपट आहे. याची उलटी बाजूही लक्षात ठेवावी. रस्त्यावरच्या गाड्या निम्म्या झाल्या तरी आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. ‘वाहतूक थोडी कमी करू’ या आश्वासनाची किंमत त्यावरून करावी.

आता आपल्या वस्तीकडे या. इथे ती परदेशी पद्धत पहिल्याच पायरीवर अडते, कारण आपल्या खोल्यांच्या विक्रीची नोंद बहुधा होतच नाही. व्यवहार नोटरीच्या कागदावर होतो, फोटोपास जुन्याच माणसाच्या नावावर राहतो. सरकारचे रेडी रेकनरचे दर विभागाप्रमाणे आणि वापराप्रमाणे ठरतात, डेसिबलप्रमाणे नाही. त्यातून रस्त्याच्या कडेला दोन भाव एकमेकांत मिसळलेले असतात. खाली गाळा असतो. त्याला रस्त्याचे तोंड म्हणजे सोने. चहाची टपरी, मोबाईल रिपेअरिंग, पंक्चरवाला. त्याचा भाव चढाच राहतो. वर पोटमाळा असतो, पत्र्याचा, एका खिडकीचा, आणि तो भाड्याने दिलेला असतो. त्या खिडकीसमोरच ट्रकचा हॉर्न वाजतो. रस्त्याने झालेला फायदा गाळ्याच्या मालकाच्या खिशात जातो आणि रस्त्याचा आवाज पोटमाळ्यावरच्या भाडोत्र्याच्या डोक्यात. दोन्हीची बेरीज करून कोणी म्हणाले की ‘रस्ता झाल्यावर भाव वाढले, सगळ्यांचे भले झाले’, तर त्याला विचारा, कोणाचे?

त्या पोटमाळ्यात भाडोत्री राहतो तो आवाज आवडतो म्हणून नव्हे. डिपॉझिट तेवढेच परवडते म्हणून. परदेशातला तो अर्धा टक्काही अशा माणसांचा आहे ज्यांना ‘नको, दुसरे घर दाखवा’ म्हणता येते. ज्याला नकार देता येत नाही त्याचा त्रास बाजारभावात उमटत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की वस्तीतल्या आवाजाचा हिशेब घराच्या भावावरून लावणेच चूक आहे. तो शरीरावरून लावला पाहिजे.

कानाला पापणी नाही

‘सिस्टर, आता सवय झाली, उलट गावी गेलं की शांततेत झोप येत नाही,’ असे आम्हाला घरोघर ऐकायला मिळते. म्हणणाऱ्या खोटे बोलत नाहीत. मनाला सवय होते, जागही कमी येते. हृदयाला मात्र ती पूर्ण सवय होत नाही.

डोळा मिटता येतो, कान मिटता येत नाही. झोपेतही कान आवाज घेत राहतो आणि मेंदू तो धोका आहे का ते तपासत राहतो. मोठा ट्रक गेला की झोपलेल्या माणसाची नाडी क्षणभर वाढते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरके सुटतात. माणूस जागा होतोच असे नाही. सकाळी त्याला काही आठवतही नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दहा ते वीस टक्के खाली यायला हवा. तेवढाच हृदयाला विसावा. रात्रभर असे झटके बसत राहिले तर तो विसावा अपुरा पडतो. दहा-पंधरा वर्षे हे चालले की बीपीची गोळी सुरू होते. गोळी घेणारा म्हणतो, टेन्शनमुळे झाले. टेन्शन असतेच, मीठ असते, तंबाखू असते, आणि त्यात हा आवाजही असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी आवाजाविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत रस्त्याच्या आवाजाची मर्यादा दिवस-रात्र मिळून ५३ डेसिबल आणि रात्रीसाठी ४५ डेसिबल अशी सुचवली आहे. ५३ च्या वर दर दहा डेसिबलमागे हृदयविकाराचा धोका साधारण आठ टक्क्यांनी वाढतो, असे त्यांनी जमवलेल्या अभ्यासांतून निघाले. एका माणसाच्या बाबतीत आठ टक्के फार नाहीत. पण हायवेच्या दोन्ही कडांना राहणारी लाखो माणसे मोजा.

याच संघटनेच्या २०११ च्या अहवालात पश्चिम युरोपचा हिशेब आहे. रहदारीच्या आवाजामुळे तिथे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लाख वर्षे वाया जातात. त्यांतली नऊ लाखांहून अधिक एकट्या झोपमोडीची. युरोपीय आयोगाने त्याच वर्षी रस्ते आणि रेल्वेच्या आवाजाचा समाजावर पडणारा खर्च काढला. तो निघाला वर्षाला सुमारे ४ हजार कोटी युरो. त्यांतला ९० टक्के मोटारी आणि मालवाहू गाड्यांमुळे. हे त्या देशांचे आकडे आहेत जिथे खिडक्यांना दुहेरी काचा असतात आणि विनाकारण हॉर्न वाजवणे असभ्य मानले जाते.

आपला हिशेब आपणच घरी बसून मांडू. समजा, बाई चार घरची कामे करते. रात्री झोप नाही, सकाळी डोके जड. महिन्यातून दोन खाडे झाले आणि दिवसाला पाचशे बुडाले, तर हजार रुपये गेले. नवरा रिक्षा चालवतो. तो दिवसभर आवाजात आणि रात्रीही आवाजात. दुपारी डुलकी लागते म्हणून एक फेरी कमी करतो. महिन्याला आणखी हजार-पंधराशे. बीपीच्या गोळ्या पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात, पण त्यासाठी रांगेत अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवसही खाडाच. या आकड्यांच्या जागी आपापल्या घरचे आकडे घाला. वर्षाला वीस-पंचवीस हजारांच्या खाली बेरीज क्वचितच येईल. आतल्या गल्लीतल्या खोलीचे भाडे महिन्याला दोन हजार जास्त म्हणून ज्यांनी ती सोडली, त्यांनी ही बेरीज त्या भाड्याशेजारी लिहून बघावी.

‘काठ’ आणि ‘गाठ’

मुलांचे नुकसान याहून मोठे आहे, आणि ते सगळ्यात कमी बोलले जाते.

न्यूयॉर्क शहरात हायवेच्या अगदी डोक्यावर बांधलेल्या चार उंच इमारती आहेत. खालून गाड्या धावतात आणि वर बत्तीस मजले. १९७३ मध्ये तिथल्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. खालच्या मजल्यांवर आवाज जास्त, वर जावे तसा कमी. चार किंवा अधिक वर्षे तिथे राहिलेल्या मुलांत असे दिसले की खालच्या मजल्यांवरच्या मुलांना सारखे ऐकू येणारे शब्द वेगळे ओळखणे जड जाते, आणि त्यांचे वाचनही मागे आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘काठ’ आणि ‘गाठ’, ‘पान’ आणि ‘भान’. सतत आवाजात वाढणारे मूल आवाज बाजूला सारायला शिकते, आणि ते करताना माणसांचे बोलणेही बाजूला सारते. बहिरे होत नाही. ऐकायचे सोडून देते.

त्याच शहरातल्या एका शाळेजवळून उंचावरची रेल्वे जात असे. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. मग रुळांखाली रबर घातले, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे तक्ते लावले. नंतर पुन्हा तपासले तेव्हा दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली होती. आम्हाला या हकिकतीत धीर देणारी गोष्ट हीच वाटते. मुलांत खोट नव्हती आणि शिक्षकांतही नव्हती. बार्सिलोनातल्या ३८ शाळांमधल्या अडीच हजारांहून अधिक मुलांवरचा २०२२ चा अभ्यासही हेच सांगतो. शाळेतला रस्त्याचा आवाज जास्त असेल तिथे मुलांच्या स्मरणशक्तीची आणि एकाग्रतेची वाढ संथ होते.

आपल्याला हे कळायला बार्सिलोनाला जायची गरज नाही. बाबासाहेब विद्यार्थी असताना त्यांचे कुटुंब परळच्या चाळीत एका खोलीत राहत असे. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपायला सांगत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोनला त्याला अभ्यासाला उठवत. त्या वेळी खोलीत जागा असे आणि चाळीत शांतता असे. त्या घराने अभ्यासासाठी जे मिळवले ते रात्रीच्या शांततेतून मिळवले. पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या वस्तीत रात्री दोन वाजता अवजड गाड्या धावत असतात. आज एखादे रामजी आपल्या मुलाला कोणत्या वेळी उठवणार?

खिडकी लावायची की उघडी ठेवायची

‘खिडकी लावून घ्या’ असा सल्ला द्यायला सोपा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे झोपतात आणि हवेची वाट ती एकच असते. ती लावली तर आवाज कमी होतो आणि क्षयाला आमंत्रण जाते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींमध्ये डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केलेल्या अभ्यासात, दाटीवाटीने बांधलेल्या आणि हवा-ऊन न पोहोचणाऱ्या इमारतींत क्षयाचे प्रमाण जास्त आढळले होते. त्या वसाहतींत गेलेली बरीच कुटुंबे रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी उठवलेलीच होती. म्हणजे आधी रस्त्याच्या आवाजात काढले, मग रस्त्यासाठी उठले आणि हवा नसलेल्या खोलीत जाऊन बसले. श्रीमंताला हा पेच पडत नाही. तो खिडकी लावतो आणि एसी सुरू करतो. शांतता तो विजेच्या बिलातून विकत घेतो.

तेव्हा घरात शक्य तेवढेच सांगतो. झोपताना उशी रस्त्याकडच्या भिंतीला नको, आतल्या भिंतीला असू द्या. घरातली एक जागा त्यातल्या त्यात शांत असते, ती टीव्हीला नको, मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या झोपेला द्या. दाराखालची फट, पत्रा आणि भिंत यांमधली फट बुजवा. आवाज पाण्यासारखा फटीतून शिरतो. पण हवेची खिडकी बुजवू नका. जाड पडद्याने थोडा फरक पडतो, जादू होत नाही. कुंड्यांच्या किंवा झाडांच्या एका ओळीने आवाज अडत नाही. मनाला बरे वाटते एवढेच, आणि तेही कमी नाही. हायवेलगत दहा वर्षे काढलेल्या प्रत्येकाने तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्यावे, त्रास असो वा नसो.

आणि विहार. आपल्या बहुतेक वस्त्यांत बुद्ध विहार किंवा समाजमंदिर रस्त्यापासून थोडे आत असते. संध्याकाळी सात ते दहा ते अभ्यासिकेसाठी उघडे ठेवायला चार खुर्च्या, दोन ट्यूबलाइट आणि किल्ली सांभाळणारी एक उपासिका लागते. जिथे हे सुरू आहे तिथली मुले परीक्षेच्या काळात तिथून उठत नाहीत.

आता एक अप्रिय गोष्ट. चौदा एप्रिलच्या डीजेचे काय, असे आम्हाला कोणीतरी विचारणारच. एका रात्रीचा डीजे आणि तीनशे पासष्ट रात्रींचा हायवे यांची बरोबरी होत नाही, आणि ज्यांचे स्वतःचे उत्सव वर्षभर चालतात त्यांनी फक्त आपल्याकडे बोट दाखवू नये. पण भिंतींना हादरे देणारे स्पीकर तान्ह्या बाळाच्या कानाला आणि बायपास झालेल्या आजोबांच्या छातीला जयंतीचे आहेत की लग्नाचे हे कळत नाही. लेझीम, ढोल आणि व्याख्यानमाला यांनीही जयंती दणक्यात होते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आमच्याशी खुशाल भांडावे.

कोणाचा आवाज ऐकला जातो

गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. शहरात ती रुळाच्या, नाल्याच्या आणि हायवेच्या कडेला आली. मोकळी आणि कोणाला नको असलेली जागा तीच होती. नंतर रस्ता रुंद झाला, त्यावर पूल आला, आणि कायद्याच्या भाषेत अतिक्रमण मात्र आपले ठरले.

मुंबईतल्या पेडर रोडवर उड्डाणपूल बांधायचा बेत अनेक वर्षे गाजला. तिथल्या रहिवाशांनी आवाज आणि धुराचे कारण देऊन विरोध केला. लता मंगेशकर आणि आशा भोसले यांनीही जाहीर विरोध केला. तो पूल झाला नाही. त्यांची तक्रार खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. खिडकीसमोरून पूल गेला की काय होते हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? प्रश्न एवढाच की तीच तक्रार वस्तीतून गेली की ‘विकासाला विरोध’ का होते.

आणखी एक उदाहरण नागपूरकर वाचकांच्या ओळखीचे असेल. राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे वाघ आणि इतर प्राण्यांना जाण्यासाठी रस्त्याखालून वाटा सोडल्या आहेत आणि गाड्यांचा आवाज व प्रकाश अडवायला कडेने भिंती उभारल्या आहेत. चांगलेच केले. वाघाला शांतता हवीच. पण म्हणजे सरकारला आवाज अडवायची विद्या अवगत आहे, पैसाही काढता येतो, हे सिद्ध झाले. चाक आणि खिडकी यांच्या मध्ये नजर अडवेल एवढी भरीव भिंत असली तर आवाज पाच ते दहा डेसिबलने उतरतो. हायवेच्या दुसऱ्या टोकाला माणसांची वस्ती असेल तर हे गणित बदलत नाही.

ब्रिटनमध्ये १९७३ पासून असा कायदा आहे की नव्या किंवा बदललेल्या रस्त्याच्या आवाजाने, धुराने, हादऱ्यांनी घराची किंमत उतरली तर मालकाला भरपाई मागता येते, त्याची इंचभरही जमीन घेतलेली नसली तरी. १९७५ च्या नियमांनी ठरावीक मर्यादेपुढे आवाज गेलेल्या घरांना आवाजरोधक खिडक्यांसाठी पैसे देण्याची सोय केली. त्या कायद्यातही थोड्या मुदतीचा भाडोत्री बाहेरच राहतो, म्हणजे पोटमाळ्यातला माणूस तिथेही सुटलाच. आपल्याकडे भरपाईचा विचार जमीन गेली तर होतो. जमीन राहिली आणि झोप गेली, तर त्याला अर्जाचा नमुनाच नाही.

नियम मात्र आहेत. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. २०१० च्या दुरुस्तीनंतर निवासी भागात रात्री हॉर्न वाजवायला मनाई आहे, अगदी आणीबाणी असेल तेवढी सोडून. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या बदलानंतर विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा एक हजार आणि पुढच्या वेळी दोन हजार दंड आहे. जानेवारी २०२० मध्ये मुंबई वाहतूक पोलिसांचा ‘शिक्षा देणारा सिग्नल’ सगळीकडे गाजला होता. हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. तो प्रयोग सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे या भागांत झाला. गोवंडीत नाही, मानखुर्दला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०११ पासून सात महानगरांत मिळून ७० ठिकाणी कायमची ध्वनिमापन केंद्रे उभारली, त्यांतली मुंबईच्या वाट्याला १० आली. एवढ्या मोठ्या शहराला दहा कान. आवाजाविरुद्ध मुंबईत ज्यांनी वर्षानुवर्षे मीटर हातात घेऊन काम केले त्या सुमैरा अब्दुलाली आणि त्यांच्या आवाज फाउंडेशनकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांनी नुसती तक्रार केली नाही, आकडा, तारीख आणि वेळ लिहून ठेवली.

तेच वस्तीत करता येते. फोनवरचे ध्वनिमापक अ‍ॅप न्यायालयात टिकणार नाही, पण कुठे आणि केव्हा जास्त आहे ते दाखवायला पुरते. एका वहीत आठ दिवस रात्री दहा, बारा, दोन आणि पहाटे पाचचे आकडे लिहा, शेजारी कशाचा आवाज ते लिहा. बऱ्याचदा असे निघते की सगळा दोष गाड्यांचा नसतो. गटाराचे सैल झाकण असते, पुलाच्या सांध्यावरची पट्टी उखडलेली असते, आणि प्रत्येक चाक तिच्यावर आपटते. ती दुरुस्ती पालिकेच्या वॉर्ड ऑफिसच्या एका अर्जाचे काम असते. गाडी आदळून रात्रभर वाजणारा स्पीड ब्रेकरही तसाच. वहीची झेरॉक्स अर्जाला जोडा, एक प्रत वाहतूक पोलिसांना द्या, आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नका.

सध्या याहून मोठी निकड पुनर्विकासाची आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून हजारो कुटुंबांसाठी इमारती बांधणार आहेत, आणि त्याच पट्ट्यातून पूर्व मुक्त मार्ग छेडा नगरपासून ठाण्याच्या दिशेने वाढवायचा आहे. असे इतरत्रही होणार. सभेत सगळे चौरस फुटांवर भांडतात, आणि भांडलेच पाहिजे. २२५ चे २६९ आणि २६९ चे ३०० फूट कोणी आपणहून दिलेले नाहीत. पण त्याच सभेत नकाशा भिंतीवर लावायला सांगा आणि बोट ठेवून विचारा. नव्या उन्नत रस्त्याकडे तोंड कोणत्या इमारतीचे आहे, आपल्या की विक्रीच्या? रस्त्याची पातळी आपल्या कितव्या मजल्याच्या खिडकीसमोर येते? त्या मजल्यांना कोणत्या खिडक्या, आणि त्या लावल्यावर हवा कुठून? रस्त्याच्या अंदाजपत्रकात ध्वनिरोधक भिंत आहे का, आणि ती वरच्या मजल्यांच्या नजरेइतकी उंच आहे का? वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, आणि त्या अर्जात आवाजाची माहितीही द्यावी लागते. ही कागदपत्रे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर असतात. वस्तीतल्या कॉलेजच्या मुलामुलींनी ती उघडून मराठीत वाचून दाखवावीत.

हे सगळे संमतिपत्रावर सही करण्याच्या आधी विचारायचे असते. इमारतीचा पाया भरला की खिडकीची दिशा बदलत नाही.